कच्ची वाटते तेव्हाच काढा

अमेरिकेत १९८४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने तीन प्रतिस्पर्ध्यांना कोर्टात खेचलं. भांडण कुकीवरून होतं. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ आणि पाकिटात बरेच दिवस तशीच राहणारी चॉकलेट चिप कुकी करण्याची युक्ती या कंपनीने पेटंट करून घेतली होती. नाबिस्को, कीब्लर आणि फ्रिटो-ले यांनी ती उचलली, असा तिचा दावा होता. हेरगिरीचे आरोप झाले, प्रयोगशाळांतली कागदपत्रं बाहेर आली, पाच वर्षं वकिलांची चंगळ झाली. शेवटी १९८९ मध्ये तिघांनी मिळून साडेबारा कोटी डॉलर मोजले, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. पेटंटच्या वादात त्या काळापर्यंत एवढी मोठी तडजोड झाली नव्हती.

पेटंटमधली युक्ती ऐकायला सोपी आहे. दोन वेगवेगळी पिठं भिजवायची. आतल्या पिठात फ्रुक्टोजसारखी, सहजासहजी स्फटिक न धरणारी साखर घालायची आणि बाहेरच्या पिठात नेहमीची साखर. भाजल्यानंतर बाहेरची साखर हळूहळू स्फटिक धरते आणि कडा कडक होतात; आतली पाकासारखीच राहते, म्हणून मधला भाग मऊ. हे सगळं कारखान्यात, टनावारी, यंत्रांवर करायचं. नाबिस्कोने त्या धामधुमीत आपल्या मऊ कुकीला नाव दिलं होतं ‘ऑलमोस्ट होम’. जवळजवळ घरची! कारखानदाराने आपल्याच पाकिटावर दिलेली इतकी प्रामाणिक कबुली क्वचित वाचायला मिळते.

कारण मऊपणा मुळात घरचाच. ओव्हनमधून काढलेल्या कुकीत तो पहिल्या दिवशी आपोआप असतो. पुढे तिच्यातलं पाणी उडत जातं, पिठातला स्टार्च आवळत जातो, साखर स्फटिक धरते. ही घड्याळाशी लावलेली शर्यत आहे आणि घरच्या स्वयंपाकघराला ती लढावीच लागत नाही. तेव्हा मऊ चॉकलेट चिप कुकी खायची असेल तर ती घरी करावी. पाकिटातली घेऊ नये आणि तीन दिवस कुरिअरमध्ये फिरलेला देखणा खोकाही मागवू नये. मात्र ती करताना मराठी घराला आपली एक फार जुनी सवय आवरावी लागेल.

ती सवय म्हणजे नीट, पूर्ण, खमंग भाजण्याची. चकली मऊ पडली की करणारीचं तोंड उतरतं. करंजी खुसखुशीत, शंकरपाळे खुटखुटीत, खारी हातात धरताच तिचे पापुद्रे सांडायला हवेत. पुण्याच्या कॅम्पातल्या कयानी बेकरीसमोर लोक ज्या श्रूजबेरीसाठी रांगा लावतात ती तोंडात भुगा होणारी. नानकटाईही त्याच जातीची. मऊ बिस्किट म्हणजे सादळलेलं बिस्किट, डब्याचं झाकण कुणीतरी नीट लावलं नाही म्हणून. अशा घरात ओव्हनमधल्या कुकीचा मधला भाग ओलसर दिसला, की ‘अजून पाच मिनिटं राहू दे’ हे वाक्य हमखास येतं. त्या पाच मिनिटांत कुकीची बरी-वाईट नानकटाई होते. बरी क्वचितच, नानकटाईला जे तूप आणि जी मंद आच मिळालेली असते ती इथे नसते.

गंमत अशी, की मूळ कुकीही मऊ नव्हती. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन गावात रूथ वेकफील्ड आणि त्यांचे पती केनेथ यांनी १९३० मध्ये ‘टोल हाउस इन’ नावाची खाणावळ घेतली. १९३८ च्या सुमारास रूथबाईंनी नेस्लेच्या कमी गोड चॉकलेटच्या वडीचे मटारएवढे तुकडे कुकीच्या पिठात घातले. लोणी संपलं, कोको संपला, चॉकलेट चुकून पिठात पडलं, अशा कहाण्या या शोधाभोवती तयार झाल्या आहेत. त्यांवर विश्वास ठेवू नये. रूथबाई गृहविज्ञान शिकलेल्या होत्या, त्यांच्या खाणावळीची गोड पदार्थांसाठी ख्याती होती आणि पाककृतींचं पुस्तक त्यांच्या नावावर होतं. असल्या बाईच्या हातून चॉकलेट ‘चुकून पडत’ नाही. त्यांनी कुकीच्या नावातच ‘क्रंच’ हा शब्द घातला होता. अर्धा-अर्धा चमचा पीठ सोडायचं, १९० अंश सेल्सिअसला १० ते १२ मिनिटं भाजायचं आणि एका घाण्यात १०० कुकीज करायच्या: अगदी लहान आणि कडक. १९३९ मध्ये ही पाककृती नेस्लेकडे गेली, एका डॉलरच्या मोबदल्यात असं सांगतात. त्याच वर्षी नेस्लेने चॉकलेटचे तयार दाणे विकायला काढले, आणि रूथबाईंची कृती पिवळ्या पाकिटावर छापून घरोघर पोचली.

मऊपणाचं वेड नंतरचं. १९७५ मध्ये वॉली एमस यांनी हॉलिवूडमध्ये निव्वळ कुकीजचं दुकान काढलं. त्यांच्या कुकीज लहान आणि कुरकुरीतच होत्या. दोनच वर्षांनी कॅलिफोर्नियातच, पालो अल्टोला, डेबी फील्ड्स या तरुणीने आपलं दुकान उघडलं आणि गरम, मऊ, मोठ्या कुकीज विकायला सुरुवात केली. तिच्या दुकानांचा नियम होता, दोन तासांहून जुनी कुकी गल्ल्यावर ठेवायची नाही. पुढे साखळी झाली, शेकडो दुकानं झाली, तरी मालाचं आयुष्य तासांत मोजलं जात होतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या शास्त्रज्ञांना जे पाकिटात कोंडायचं होतं ते हेच दोन तास.

आता घरचं गणित. मऊपणाची पहिली किल्ली साखरेत आहे. पांढरी साखर कुकीला पसरवते आणि कडक करते. अमेरिकी कृतीत जी ब्राउन शुगर असते ती म्हणजे पांढऱ्या साखरेला थोडी उसाची मळी चोळलेली ओलसर साखर. मळीतलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पाणी धरून ठेवतं आणि तिचा किंचित आंबटपणा सोड्याला कामाला लावतो. भारतातल्या दुकानांत ‘ब्राउन शुगर’ म्हणून पुष्कळदा जे मिळतं ते कोरडे, मोकळे, तपकिरी खडे असतात. ते चहात छान लागतात; कुकीला मात्र त्यांचा उपयोग कमी, कारण ते नीट विरघळत नाहीत आणि ओलही धरत नाहीत. साखर मुठीत दाबली की ओल्या वाळूसारखी तिची मूठ वळली पाहिजे, ही ओळख पुरेशी आहे. वळत नसेल तर कोल्हापूर-सांगलीकडच्या घरात उत्तर फडताळातच सापडेल. १०० ग्रॅम पांढऱ्या साखरेत १० ते १५ ग्रॅम काकवी घालून बोटांनी चोळायची. मळीचा उग्रपणा काकवीत नसतो, पण ओल धरण्याचं काम ती चोख करते, आणि तिची चव चॉकलेटला शोभते. पोळीशी काकवी खाणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट लोण्याची, आणि इथेच परदेशी व्हिडिओ सर्वांत जास्त फसवतात. ‘खोलीच्या तापमानाचं लोणी’ असं तिकडचा बल्लव म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १८ ते २० अंशांची खोली असते. मे महिन्यात नागपूरच्या किंवा मुंबईच्या ओट्यावर तसं लोणी ठेवलं तर तासाभरात त्याचं तेल होतं. मग साखर आणि लोणी फेसून हलकं करण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. पीठ ओव्हनमध्ये जाताच पसरून त्याची एकच भलीमोठी, पातळ चकती तयार होते.

यावर उपाय असा, की भांडूच नये. लोणी सरळ वितळवून घ्यावं. चिवटसर मऊ कुकीसाठी तेच बरं. फेसलेल्या लोण्यात हवा भरते आणि कुकी केकसारखी फुगते. वितळलेल्या लोण्यातलं पाणी मैद्याला लगेच मिळतं, ग्लुटेन थोडं जास्त तयार होतं आणि चावताना जी ओढ लागते ती त्यातून येते. बाजारातल्या टेबल बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो, पाणी १६ टक्क्यांपर्यंत आणि मीठ ३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ते वापरलं तर वरून मीठ घालायचं नाही. घरचं लोणी उत्तम, पण त्यात ताकाचं पाणी किती राहिलंय याचा भरवसा नसतो. ते चांगलं धुऊन, निथळून घ्यावं. तुपाची कुकी मात्र करू नये. तुपात पाणी नसतं, ते मैद्याच्या कणाकणाला वेढून बसतं, ग्लुटेन बांधलं जात नाही आणि हाती येते ती नानकटाई. नानकटाईच हवी असेल तर ती उघडपणे करावी, वेलची-जायफळ घालून. ती या कुकीहून कमी प्रतीची आहे असं कोण म्हणतं?

अंड्याचं बलक स्निग्ध असतं, पांढरं कुकीला कोरडं करतं. म्हणून एक अख्खं अंडं आणि वर एक बलक हे प्रमाण मऊपणाला मानवतं. ज्या घरात अंडं चालत नाही तिथे दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क आणि लागेल तसं दूध घालून, साखर थोडी कमी करून काम भागतं. कुकी मऊ होते, तिची ओढ थोडी कमी होते. दही घातलं की ती केकाकडे झुकते. जवस भिजवून घालणाऱ्यांनी जवसाची चव आवडते का, ते आधी तपासावं.

प्रमाण असं धरावं: १९० ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम वितळवून कोमट केलेलं लोणी, ११० ग्रॅम काकवी चोळलेली साखर, ५० ग्रॅम साधी साखर, एक अंडं आणि एक बलक, अर्धा लहान चमचा खायचा सोडा, एक लहान चमचा व्हॅनिला, १५० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे. वजनानेच घ्यावं. वाटी दाबून भरली की भुरभुरून भरली यावर मैद्यात वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि कोरड्या कुकीचं कारण बऱ्याचदा तेवढंच असतं. लोणी आणि दोन्ही साखरा घोटायच्या, अंडं घालून चकाकी येईपर्यंत फेटायचं, मैदा आणि सोडा चाळून घालायचे आणि मैद्याचा पांढरा रंग दिसेनासा झाला की हात थांबवायचा. कणीक तिंबायच्या सवयीने मळत बसलं तर कुकी चामट होते.

चॉकलेटबद्दल एक सूचना. स्वस्त चिप्सच्या पाकिटामागे ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ लिहिलेलं दिसलं तर ते कंपाउंड आहे, त्यात कोको बटरची जागा वनस्पती तेलाने घेतलेली असते. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे जिभेवर, वितळतं. कंपाउंड मेणासारखं टाळूला चिकटून बसतं. चांगल्या चॉकलेटची वडी घेऊन सुरीने तिचे ओबडधोबड तुकडे करावेत. रूथबाईंनीही तेच केलं होतं.

यानंतर पीठ फ्रिजमध्ये. ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. टोल हाउसमध्ये पीठ रात्रभर थंड ठेवत असत, हे रूथबाईंनी नंतरच्या पुस्तकात नोंदवलं होतं, पण पाकिटावरच्या कृतीत ती ओळ आलीच नाही. २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शहरातल्या नामवंत बेकरांशी बोलून कुकीवर एक लेख छापला, तेव्हा २४ ते ३६ तास पीठ मुरवण्याची ही रीत पुन्हा सर्वतोमुखी झाली. मुरताना मैदा ओल शोषून घेतो, लोणी घट्ट होतं, कुकी कमी पसरते आणि तिला रंग गडद येतो, चव खोल येते. अमेरिकी हिवाळ्यात ही चैन असेल. आपल्या हवेत ती गरज आहे. निदान दोन तास तरी द्यावेत.

आणि मग ते शेवटचं, सर्वांत अवघड काम: वेळेवर काढणं. साधारण ४८ ग्रॅमचे गोळे करून, अंतर ठेवून, नीट तापलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटं. कडा सोनेरी, मध्य फिका, ओलसर आणि किंचित फुगलेला दिसला की बाहेर. हात लावला तर ती मोडेल, म्हणून ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्यायची. नारळाच्या वडीचं मिश्रण कढईत कोरडं होईपर्यंत कुणी परतत नाही; ते ओलसर असतानाच ताटात थापतात, कारण ते थंड होताना आवळणार हे हाताला ठाऊक असतं. कुकीचंही तसंच. गरम ट्रे तिला पुढची दोन-तीन मिनिटं भाजतच असतो आणि थंड होताना लोणी आणि साखर तिला बांधून ठेवतात.

मिनिटांचे आकडे मात्र वेदवाक्य समजू नयेत. पंखा चालू असलेल्या कन्व्हेक्शनमध्ये तापमान १५ ते २० अंशांनी कमी ठेवावं लागतं. लहान ओटीजीत वरची सळई जवळ असल्याने रंग लवकर चढतो. वाळू घातलेल्या कुकरमध्ये वरून आच नसल्याने कुकीचा तळ करपतो आणि माथा पांढराच राहतो. २०१९ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात चॉकलेट चिप कुकीज भाजून पाहिल्या, तेव्हा पृथ्वीवरच्या हिशेबाने पहिली २५ मिनिटं ठेवली आणि ती कच्ची निघाली. बरी कुकी व्हायला दोन तास लागले. भट्टी बदलली की घड्याळ बदलतं. बघायचं ते कडेच्या रंगाकडे.

इथे कुणी तरी विचारणारच: मैदा, लोणी, साखर, हे सगळं हवंच कशाला? कणीक, गूळ आणि नाचणी घालून ‘हेल्दी’ कुकी करता येते की. येते. किसलेला गूळ तर चांगलाच चालतो, त्यातही ओल धरणाऱ्या साखरा असतात. कणकेतला कोंडा पाणी जास्त पितो, म्हणून तिला मुरायला जास्त वेळ द्यावा लागतो. पण अपराधी भावनेपोटी सगळंच एकदम बदललं, की जे तयार होतं ते ना कुकी ना लाडू, आणि ‘पौष्टिक आहे’ म्हणून माणसं त्याचे चार नग खातात. वरच्या प्रमाणात १४ कुकीज होतात. एकीत सुमारे ८ ग्रॅम लोणी आणि ११ ग्रॅमच्या वर साखर, चॉकलेटमधली वेगळी. दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. म्हणजे खरी कुकी खावी आणि एक खावी. हा हिशेब घरात पाळता येतो, कारण सगळ्या १४ एकदम भाजाव्या लागत नाहीत. गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवले तर दोन महिने उत्तम राहतात. पाहुणे आले की चार काढायचे, गोठलेलेच ट्रेवर ठेवायचे, दोन मिनिटं जास्त द्यायची. डबा भरून कुकीज ठेवण्यापेक्षा गोळे ठेवणं शहाणपणाचं, आणि पावसाळ्यात कोकणातल्या हवेत डब्यातलं काय काय मऊ पडतं याची चिंताही उरत नाही. फक्त ते पीठ कच्चं चाखू नये. प्रश्न अंड्यापुरता नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये निव्वळ कच्च्या मैद्यातून ई. कोलाय पसरून माणसं आजारी पडली होती आणि लाखो किलो मैदा बाजारातून परत मागवावा लागला होता.

राहिला प्रश्न ज्यांच्याकडे ओव्हनच नाही त्यांचा, आणि अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात एक व्यवस्था पूर्वीपासून होती. सुट्टीत किंवा दिवाळीआधी रवा, मैदा, साखर आणि तूप घेऊन बायका गल्लीतल्या बेकरीत जात, समोर बसून पीठ मळून घेत आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणत. काही गावांत हे अजून चालतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२५ च्या आदेशानंतर शहरातल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना गॅसकडे किंवा विजेकडे वळावं लागलं आहे. त्यावरून बरीच नाराजी आहे, आणि पावाच्या चवीपुरती ती समजण्यासारखीही आहे. पण नव्या भट्टीत तापमानाचा आकडा दिसतो, आणि कुकीला तेवढंच हवं असतं. दुपारी पावाचा घाणा उतरल्यावर तासभर भट्टी मोकळी असते. घरून आणलेले थंड गोळे किलोमागे ठरलेल्या पैशांत भाजून द्यायला बेकरीवाल्यांनी सुरुवात करावी. गिऱ्हाइकाला कुकी गरम मिळेल आणि बेकरीला पाकिटांशी स्पर्धा करावी लागणार नाही. भट्टीवाल्याशी मात्र वाद घालावा लागेल. नानकटाईत हात मुरलेला माणूस अकराव्या मिनिटाला ट्रे ओढायला सहजी तयार होणार नाही. तो म्हणेल, ‘ताई, कच्ची आहे, अजून पाच मिनिटं राहू द्या.’